ब्रेन हॅमरेजनंतर अर्धशिशी बदलली, कुणाला असा अनुभव आहे का?

रानजाई
नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज शाळेला सुट्टी आहे आणि डोकंही शांत आहे म्हणून बसलेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

मला मायग्रेन नववीत असल्यापासून. तेव्हा आमच्याकडे कोणी मायग्रेन म्हणत नव्हतं, आई म्हणायची पित्ताचं डोकं. डाव्या भुवईपासून सुरू व्हायचं, मागे मानेपर्यंत ठणका जायचा, मग मळमळ, मग उलटी, आणि उलटी झाली की तासाभरात उतरायचं. आई कपाळाला सुंठ उगाळून लावायची, ओढणी गच्च बांधायची आणि खिडक्या लावून घ्यायची. हरतालिकेचा निर्जळी उपास केला की दुसऱ्या दिवशी ठरलेलं. भर उन्हातून आलं की ठरलेलं. पंचवीस-अठ्ठावीस वर्षं हे दुखणं मी पुरतं ओळखून होते. कधी येणार, किती वेळ राहणार, कोणत्या गोळीने थांबणार, सगळं पाठ.

२०२२ च्या फेब्रुवारीत सकाळी पावणेसातला मी पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवत होते आणि डोक्यात मागच्या बाजूला काहीतरी फुटल्यासारखं झालं. हळूहळू चढलं नाही हो. हातातली चाळणी ओट्यावर ठेवेपर्यंत दुखणं टोकाला पोचलेलं होतं. मला वाटलं मायग्रेनच, यावेळी जोरात आलंय, म्हणून नेहमीची एर्गोटामीनवाली गोळी घेतली कारण तेवढंच माहीत होतं. मिस्टरांनी जवळच्या दवाखान्यात नेलं तर बीपी १७०/१०० निघालं. मी आत गेल्यागेल्याच म्हणाले की मला मायग्रेन आहे, आणि मग पुढचं सगळं त्या एका वाक्यावर झालं. पित्त आणि टेन्शन म्हणून उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मान खाली वाकेना आणि मी मुलीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झालं. सबअरॅक्नॉइड हॅमरेज, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या मधल्या जागेत रक्तस्राव. मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तवाहिनीला ६ मिलिमीटरचा फुगा (अ‍ॅन्युरिझम) होता तो फुटला होता. जांघेतून नळी घालून कॉइलिंग केलं, म्हणजे त्या फुग्यात बारीक तारेची वेटोळी भरून तो बंद केला. १५ दिवस आयसीयू. निमोडिपिनच्या गोळ्या दर ४ तासांनी, २१ दिवस, घरी आल्यावरही काही दिवस रात्री २ चा आणि पहाटे ६ चा गजर लावून मिस्टर उठवायचे.

मी वाचले आणि चालते बोलते, यात मी नशीबवान आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. पण मला बोलायचंय ते त्यानंतरच्या डोकेदुखीबद्दल, कारण त्याबद्दल कोणी काही सांगितलंच नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या होत्या, तारखा होत्या, 'डोकं दुखलं तर काय' हे नव्हतं.

पहिले ३ महिने डोक्याला लोखंडी पट्टा आवळल्यासारखं, विशेषतः मागे. ते रोजचंच. मग चौथ्या महिन्यात माझी जुनी अर्धशिशी परत आली, पण ती माझी राहिली नव्हती. आधी फक्त डावीकडे, आता कधी उजवीकडे, कधी दोन्हीकडे. आधी महिन्यातून ३ वेळा, आता १२-१३ वेळा. उलटी झाली तरी उतरेना. आणि एक नवीनच, डोळ्यासमोर चमकणारी नागमोडी रेघ, वीसेक मिनिटं हळूहळू मोठी होत कडेला जाऊन विरते आणि त्यानंतर कधीकधी डोकं दुखतही नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी वर्गात होते, फळ्यावरची अर्धी अक्षरं दिसेनात, मी खुर्ची धरून खाली बसले आणि पोरं घाबरून गप्प. पुन्हा एमआरआय, ईईजी सगळं झालं. काही निघालं नाही, मायग्रेनचा ऑरा म्हणाले.

सगळ्यात वाईट म्हणजे जुनी गोळी बंद. ट्रिप्टान, म्हणजे मायग्रेन थांबवायचं दुसरं औषध, तेही चालणार नाही म्हणाले. मग राहिलं पॅरासिटामॉल आणि कॅफीन, ते मी घेत सुटले, आणि सहा महिन्यांनी कळलं की गोळ्यांनीच डोकं दुखतंय.

कुणाचं असं झालंय का? काय केलंत? आणि प्रत्येक वेळी डोकं दुखलं की 'परत फुटलं का' ही भीती जाते का कधी?

चैत्रपालवी
ताई, वाचून काटा आला अंगावर. आधी काळजी घ्या. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही पण धागा वाचतेय, घरी तिघींना अर्धशिशी आहे. आमच्याकडे पण पित्तच म्हणतात आणि कोकम सरबत देतात.

पंचगंगेकाठचा
रानजाई ताई, माझा प्रकार वेगळा आहे पण तुमच्या नागमोडी रेघेवरून लिहावंसं वाटलं. मला १९ व्या वर्षापासून दिसायच्या त्या, पण कायम उजवीकडेच. दहा वर्षांत एकदाही डावीकडे नाही. मायग्रेन म्हणून गोळ्या खाल्ल्या, मोबाईल कमी कर म्हणून ऐकलं, चष्मा तीन वेळा बदलला. २०१८ ला गाडीवरून घरी येताना सगळं पांढरं झालं, कशीबशी कडेला लावली आणि त्यानंतरचं आठवत नाही. एव्हीएम होतं मागच्या भागात डावीकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांचा जन्मापासूनचा गुंता, तिथून रक्त गेलं. कवटी उघडून काढलं, थोडं राहिलं त्याला गॅमा नाईफ, म्हणजे नेमक्या जागेवर किरणोपचार, दिलं. ते बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोपर्यंत पुन्हा रक्त जायचा धोका असतोच असं सांगितलेलं, ती वर्षं कशी काढली ते माझं मला माहीत.

पण त्या रेघा ऑपरेशननंतर थांबल्या. एकही नाही आजपर्यंत. त्या बदल्यात उजवीकडचं खालचं दिसणं गेलंय, म्हणून टू-व्हीलर सोडली. आणि आता दुखतं ते वेगळंच, टाक्यांच्या जागी. कंगवा फिरवला तरी झिणझिण्या, उशीवर त्या कुशीला झोपता येत नाही, थंडीत जास्त. दोन वर्षं मी त्यालाही मायग्रेनच म्हणत होतो. मग एका डॉक्टरनी बोटाने दाबून नेमकी जागा काढली आणि तिथे भूल द्यायचं इंजेक्शन दिलं, नर्व्ह ब्लॉक म्हणतात, दहा मिनिटांत दुखणं गेलं आणि पाच आठवडे आलं नाही. तेव्हा समजलं की हे मेंदूचं नाही, कातडीखालच्या नसेचं आहे. प्रत्येक डोकेदुखीला एकच नाव देत बसू नका एवढंच सांगतो.

(अवांतर: ज्यांना ऑरा कायम एकाच बाजूला दिसतो त्यांनी एकदा एमआरआय करून घ्या. बहुतेकांचं काही निघणार नाही, पण करून घ्या.)

न्यूरोवाला
मी न्यूरॉलॉजीत काम करतो. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत त्यामुळे हे सर्वसाधारण समजा, औषधांचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

पंचगंगेकाठचा यांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. हॅमरेजनंतर एकाच डोक्यात तीन-चार प्रकारचं दुखणं एकत्र राहायला येतं आणि पेशंट त्या सगळ्याला मायग्रेन म्हणतो, कारण त्याला तेवढाच शब्द माहीत असतो. गंमत नाही, उपचार त्यामुळेच चुकतात.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना, त्यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून जातात. सबअरॅक्नॉइडमध्ये रक्त सांडतं ते नेमकं त्या आवरणांच्या मध्ये. आवरणं चिडतात, आणि ते रक्त जिरून गेलं तरी ती यंत्रणा बराच काळ चिडलेली राहते. ३ महिन्यांच्या पुढे डोकेदुखी टिकली तर तिला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वेगळं नाव सुद्धा आहे, म्हणजे ही तुमच्या मनाची गोष्ट नाही. ज्यांची यंत्रणा आधीच हळवी, म्हणजे मायग्रेनवाले, त्यांच्यात ती लवकर पेटते.

ऑराचं सांगायचं तर १९४४ मध्ये लियाओ नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूवर एक लाट पाहिली, मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकणारी. ती मागच्या, दृष्टीच्या भागातून जाते तेव्हा ती रेघ सरकताना दिसते, म्हणून वीस मिनिटं लागतात. जखमी मेंदूत अशा लाटा उठायला सोपं जातं. पण चाळिशीनंतर ऑरा पहिल्यांदाच आला तर तो तपासायलाच हवा, तुम्ही तपासून घेतलंत ते उत्तम केलंत.

ट्रिप्टान आणि एर्गोटामीन का नाही: दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात. स्ट्रोक होऊन गेलेल्यांना ती देऊ नयेत असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं, आणि हॅमरेज हाही स्ट्रोकच. हॅमरेजनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रक्तवाहिन्या आपणहून आवळायची भीती असते, निमोडिपिन त्यासाठीच होतं. आपल्याकडे एर्गोटामीनच्या गोळ्या मेडिकलमधून मागून आणायची सवय आहे आणि ती घरोघरी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. घरातल्या जुन्या डब्यातून त्या गोळ्या काढून टाका, दुसऱ्या कुणी प्रेमाने द्यायच्या आधी.

पेनकिलरचा हिशेब: साधं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, ट्रिप्टान, एर्गोटामीन १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांपेक्षा जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. रानजाई, तुमची कॅफीनची गोळी मिश्र, म्हणजे तुमची मर्यादा १० ची होती. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन वगैरे प्लेटलेटचं काम कमी करतात. ज्यांना स्टेंट टाकलाय आणि अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या) चालू आहे त्यांनी ती मनाने घेऊच नयेत.

आणि हे प्रिंट करून फ्रिजवर लावा: एका मिनिटाच्या आत टोकाला गेलेलं दुखणं, मान ताठ, झटका, हातपाय किंवा बोलणं लुळं पडणं, गुंगी वाढत जाणं, ऑपरेशननंतर ताप. शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) बसवलेल्यांना उलट्या आणि झोपाळूपणा वाढत गेला तर शंट अडकलाय असं धरून निघायचं. १०८ ला फोन, आणि पहिलं वाक्य 'मला मायग्रेन आहे' हे नाही, 'माझा अ‍ॅन्युरिझम फुटला होता' हे.

लीड्सकर
न्यूरोवाला, खूप धन्यवाद, इतकं सोपं करून मला इथे कोणी सांगितलं नाही. मी उलट्या टोकाला आहे. मायग्रेनसाठी एमआरआय केला आणि ४ मिलिमीटरचा न फुटलेला अ‍ॅन्युरिझम सापडला. शंभरातल्या साधारण तीन मोठ्या माणसांना असतो आणि बहुतेकांना कधी कळतही नाही, हे मला आता पाठ आहे पण रात्री ३ वाजता त्याचा उपयोग होत नाही. दरवर्षी एमआरए (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) करतात, बाकी काही नाही, बीपी सांभाळा आणि सिगारेट नको. मी कधी ओढली नाही.

माझं ट्रिप्टान डॉक्टरनी थांबवलं. नंतर तीन प्रतिबंधक औषधं फेल गेल्यावर एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) बोटॉक्स मिळालं, ३१ ठिकाणी बारीक बारीक सुया, कपाळ, कानशिलं, मान, खांदे, दर १२ आठवड्यांनी. पहिल्या वेळी काही नाही, दुसऱ्यानंतर महिन्याला १८ दिवसांवरून ९ वर आलं. मला त्यात हे आवडलं की ते रक्तवाहिन्या आवळत नाही आणि पोटात काही जात नाही. भारतातही देतात पण स्वस्त नाही, आणि महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठीच आहे.

रानजाई ताई, भीतीचं विचारलंत. माझी गेली नाही. तुमची तर खरी घडून गेलेली आहे.

दुपारची_सावली
मी पेशंट नाही, पेशंटची मुलगी. आमच्या अण्णांना बीपीमुळे रक्तस्राव झाला, लातूरला होते तेव्हा. त्यांना आयुष्यात कधी डोकेदुखी नव्हती आणि नंतरही नाही, त्यांचा उजवा हात गेला फक्त. डोकं उठतं ते माझं. त्यांच्या फीडिंगच्या वेळा, रात्रीचं कूस बदलणं, दोन वर्षं सलग तीन तासांच्यावर झोप नाही, माझी महिन्यातून एकदा येणारी अर्धशिशी आठवड्यावर आली. हे धाग्यात बसतं की नाही माहीत नाही.

रानजाई
@दुपारची_सावली, बसतं बाई, का नाही बसणार. आमच्या घरी पण माझ्या आजारानंतर मिस्टरांचं बीपी सुरू झालं. झोपेसाठी कुणाला तरी आठवड्यातून दोन रात्री बोलवा, बहीण, भाऊ, जे असेल ते, भांडून बोलवा.

वनौषधी
ताई, मूळ कारण पित्तच आहे, तुम्ही स्वतःच लिहिलंय. इंग्रजी औषधं सगळी बंद करून सूतशेखर, कामदुधा आणि नाकात गाईच्या तुपाचं नस्य तीन महिने करा. माझ्या मावशीचं वीस वर्षांचं गेलं.

न्यूरोवाला
वनौषधी, मावशींना बरं वाटलं याचा आनंद आहे. पण 'सगळी बंद करा' हे इथे लिहू नका, कळकळीने सांगतो. प्रतिबंधक म्हणून प्रोप्रॅनोलॉल चालू असेल आणि ते एकदम थांबवलं तर नाडी आणि बीपी उसळतं, आणि अ‍ॅन्युरिझम फुटून गेलेल्या माणसाला ते परवडणारं नाही. ज्यांना वैद्यांकडे जायचंय त्यांनी जरूर जा, हॅमरेजचे कागद बरोबर न्या, आणि चालू औषधं कमी करायची तर लिहून दिलेल्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

चैत्रपालवी
त्या इंग्लिश अभिनेत्री एमिलिया क्लार्क यांनाही हेच झालं होतं ना, २०११ मध्ये, जिममध्ये. नंतर काही दिवस स्वतःचं नाव पण सांगता येत नव्हतं असं त्यांनी लिहिलंय. २०१३ ला दुसऱ्या फुग्याचं ऑपरेशन. आणि परत कामावर गेल्या. ताई तुम्ही पण परत वर्गात गेलात हे वाचून खूप बरं वाटलं. तुमचं आता काय चालू आहे ते सांगा ना, कोणतं औषध लागू पडलं?

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगेकाठचा, तुमचं वाचून मी स्वतःचं डोकं बोटांनी चाचपून पाहिलं, माझं मागचं जे रोजचं आहे ते मानेच्या वरच्या हाडाजवळ दाबलं की वाढतं. पुढच्या वेळी हे डॉक्टरांना दाखवणार.

औषधांचं सांगते. आधी मिश्र गोळ्या पूर्ण सोडवल्या, ते दहा दिवस फार वाईट गेले, डोकं, चिडचिड, हात थरथर. मिस्टरांनी गोळ्यांचा डबा शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला होता. मग टोपिरामेट दिलं. डोकं कमी झालं पण बोटांना मुंग्या, आणि शब्द सापडेनात. सहावीला भूगोल शिकवताना मला 'त्रिभुज प्रदेश' आठवेना, पोरांनी सांगितला. शिकवणाऱ्या माणसाला ते औषध नको, हे माझं मत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमने झोप सुधारली, ते चालू आहे. वर प्रोप्रॅनोलॉल ४० सकाळ-संध्याकाळ, त्याने बीपी पण ताब्यात. मला दमा नाही म्हणून चाललं, दमेकऱ्यांना देत नाहीत. १२-१३ वरून आता महिन्याला ४. उपास सगळे बंद केले, सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं, तू खा, तुझ्या वाटणीची हरतालिका मी धरते. त्या ७८ वर्षांच्या आहेत.

६ महिन्यांनी आणि नंतर परत अँजिओग्राफी झाली, कॉइल जागेवर आहेत. प्लॅटिनमच्या असतात, एमआरआयला चालतात, तरी कॉइलची माहिती असलेलं कार्ड मी लॅमिनेट करून पर्समध्ये, मिस्टरांच्या पाकिटात आणि शाळेच्या ऑफिसात ठेवलंय. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी महात्मा फुले योजनेची हॉस्पिटलमध्येच चौकशी करा, आरोग्यमित्राच्या काउंटरवर. आम्हाला ते पैसे भरून झाल्यावर कळलं.

पंचगंगेकाठचा
ताई, भीतीचं राहिलं. आणि वही ठेवता का?

रानजाई
ठेवते. दोनशे पानी साधी वही, डॉक्टरांनीच सांगितलं. तारीख, सुरू झालं ती वेळ, टोकाला जायला किती मिनिटं लागली, कुठे, झोप किती, काय खाल्लं, गोळी. यातला तिसरा रकाना मी घड्याळ बघून भरते, कारण त्या सकाळी चाळणी खाली ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला होता. आता दुखायला लागलं की आधी घड्याळ बघते. पाच मिनिटं झाली आणि अजून चढतंयच, दहा झाली आणि अजून चढतंयच, म्हणजे हे माझं जुनं आहे. मग हात गार पडलेले असतात ते हळूहळू सुटतात. त्याच्याबरोबर बाकीची लक्षणं पण बघते, न्यूरोवाल्यांनी लिहिली तीच, फ्रिजवर लावलीत आज.

परवाची नोंद लिहिते: रात्री ९.१०, डावी भुवई, टोकाला जायला ४० मिनिटं, मान वाकते, मुलीचं नाव बरोबर घेतलं, पॅरासिटामॉल १, या महिन्यातली तिसरी. साडेअकराला उलटी, पावणेबाराला उतरलं.